शेरा

कन्हानच्या पुलाअलीकडं, कामठीत, आमचं घर.
दुपारी तीनच्या सुमारास गोंडेगावच्या खाणीत
सुरुंग उडतो, मांडणीतल्या वाट्या
एकमेकींना हळूच लागतात,
आणि बाबा, निवृत्त हवालदार उदेभान नंदनवार,
वहीत लिहितात :
१५.०२. एक. ईशान्य. प्रत्युत्तर नाही.

आई होती तेव्हा म्हणायची,
"काहून लिहून राहिले जी? कोण वाचते?"
ते म्हणायचे, "तिथं तरी कोण वाचे."

तिथं म्हणजे निळं हेल्मेट, दोन टेकड्या,
मधे ऑलिव्हची झाडं
आणि पत्र्याची एक चौकी.
काम गोळ्या झाडायचं नव्हतं, मोजायचं होतं.
रकाने छापून आले होते :
वेळ, दिशा, आवाज, संख्या, शेरा.
'आधी कोणी' हा रकाना नव्हता.
तो न छापण्यावर तेवढं
दोन्ही बाजूंचं एकमत झालं होतं.

त्या रात्रीचं बाबा क्वचित सांगतात.
सह्या संध्याकाळीच झालेल्या,
कुठल्याशा गार हॉटेलात, पाण्याच्या बाटल्या मांडून.
युद्धविराम पहाटे चारपासून.
मग चार वाजेपर्यंत?
चार वाजेपर्यंत दोघांनीही उरलेलं संपवलं,
नागपूरला कळमन्याच्या बाजारात
शेवटच्या तासाला नरम पडलेली संत्री
ढिगानं काढून टाकतात, तसं.
बाबांच्या पेनातली शाई संपली.
त्यांनी पेन्सिल घेतली.

चार वाजता कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं.
रात्रभर भुंकतच असतील.

चार अकराला, एक.
नैर्ऋत्य.

मी शाळेत मराठी शिकवते.
दहावीच्या सराव पेपरात विचारलं होतं :
'शस्त्रसंधी' या शब्दातल्या संधीचा अर्थ लिहा.
सुमेध बोरकरनं लिहिलं : संधी म्हणजे चान्स.
लाल पेन धरून बराच वेळ बसले.
अर्धा गुण दिला.
मग खोडून पूर्ण.

रजिस्टर तिथंच जमा झालं.
आई गेल्यावर ट्रंक आवरताना
एका पानाची कार्बन प्रत हाती आली, निळी, पुसट.
चार अकराच्या ओळीपुढं शेऱ्यात बाबांचं अक्षर :
बाई. डोक्यावर गादी. घरी परत चालली होती.
त्यावर कुणा साहेबाची सरळ रेघ,
बाजूला बारीक :
असंबद्ध. फक्त आवाज नोंदवावा.

"नैर्ऋत्येकडूनच आली होती ना गोळी?"
बाबा नळावर पाय धूत होते.
पाय धुऊन झाले तरी पाणी सोडतच राहिले.
"टेकड्यांत आवाज फिरते बाई.
माया चेहरा तिकडं होता,
म्हणून तिकडचं लिहिलं."

मग नळ बंद करून :
"कोणी वाचत नाही म्हणतो ना मी?
तेवढी ओळ वाचली.
समोरच्यांनी दुसऱ्या दिवशी तीच दाखवली,
ह्या पाहा, उल्लंघन, लेखी आहे,
आणि उत्तर दिलं.
सत्तावीस.
तेही मीच मोजले."

आज खाणीचा भोंगा वाजला, तीनदा.
बाबांनी चहाचा कप खाली ठेवला,
पेनाचं टोपण काढलं.
वाट्या लागल्या एकमेकींना.
त्यांनी वेळ लिहिली, एक लिहिलं, ईशान्य लिहिलं,
हे तर खाणीच्या बोर्डावरसुद्धा लिहिलेलं आहे,
तरी मान वळवून एकदा पाहून घेतलं.

पुढचं लिहीत नाहीत.
पेन उघडंच.
पुलावरून कोळशाचा ट्रक जातो, मागोमाग दुसरा.
शेजारी कुणी कुकर लावते, शिट्टी होते,
त्यांचा हात किंचित उचलतो, थांबतो.
चहावर साय धरते.

तीन तेराला ते लिहितात :
प्रत्युत्तर नाही.

टोपण लावतात.
"गरम करून दे नं," कप पुढं करतात.